कारभाराची घडी बसवणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

राज्य कसे चालले आहे, हे सामान्य माणसाला राजवाड्याकडे पाहून कळत नाही. ते त्याला गावच्या चावडीवर कळते. शेतसारा भरताना पावती मिळते की नाही, अर्ज दिल्यावर त्याचे उत्तर येते की नाही, शाळेत मास्तर वेळेवर येतात की नाही, यांवरून तो राज्याची पारख करतो. त्याच्या दृष्टीने तलाठी, कारकून आणि शिपाई हेच राज्य असते. म्हणूनच कोणतीही सुधारणा कागदावर कितीही सुंदर दिसली, तरी ती खरी होते ती या खालच्या पायरीवर. हे सत्य ज्यांनी ओळखले आणि त्याच्याशी अर्धशतकाहून अधिक काळ झुंज घेतली, त्यांत बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे प्रवर्तक, ग्रंथालयांचे आश्रयदाते, विद्वानांचे पोशिंदे म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु या सर्व कार्यांच्या मुळाशी त्यांनी घडवलेली प्रशासनव्यवस्था होती. त्या व्यवस्थेचे यश जितके बोधप्रद आहे, तितकेच तिचे अपयशही बोधप्रद आहे.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव आणि आई उमाबाई हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. घरची स्थिती साधी होती आणि चरितार्थ शेतीवर चालत असे. या मुलाच्या भाग्यात राजपद आहे, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. अक्षरओळखीच्या पलीकडे त्यांचे शिक्षण गेलेले नव्हते.

त्याच काळात बडोद्याच्या गादीवर मोठे संकट ओढवले होते. महाराज खंडेराव १८७० मध्ये निधन पावले आणि त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत कारभार इतका विसकळीत झाला, की एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती देण्यात आली. घराण्यातील काही मुलांना बडोद्यास बोलावण्यात आले आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी होऊन कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला.

नांगरामागून चालणाऱ्या घरातील मुलाला राजा करणे हे एका विधीने होते, परंतु त्याला राज्यकर्ता करण्यास वर्षे लागतात. एफ. ए. एच. एलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवण्यात आली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, गणित, इतिहास, भूगोल आणि व्यायाम असा भरगच्च अभ्यासक्रम होता. उशिरा सुरू झालेले शिक्षण त्यांनी विलक्षण चिकाटीने पूर्ण केले. ज्ञानाची ही भूक पुढे आयुष्यभर टिकून राहिली.

राज्यकारभाराचे धडे मात्र त्यांना दुसऱ्या एका थोर गुरूकडून मिळाले. ते म्हणजे दिवाण सर टी. माधवराव. कुंभकोणम येथे जन्मलेले हे मराठी भाषक गृहस्थ त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणपद गाजवून १८७५ मध्ये बडोद्यास आले होते. अल्पवयीन महाराजांसाठी त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती १८८१ मध्ये ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपाने छापण्यात आली. प्रजेचे सुख हाच राज्याचा हेतू आहे, राजानेही कायद्याची मर्यादा पाळली पाहिजे आणि सेवकांची निवड गुणांवरून करावी, असे त्या शिकवणुकीचे सार होते.

माधवरावांच्या हाती आलेला कारभार अतिशय बिकट अवस्थेत होता. अनेक ठिकाणी महसूल वसुलीचा इजारा देण्याची पद्धत होती. जो अधिक रक्कम देऊ करील त्याला एखाद्या भागाची वसुली सोपवली जाई. इजारदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि त्याहून अधिक जे रयतेकडून निघेल ते आपल्या पदरात टाकी. अशा व्यवस्थेत शेतकऱ्याचे कल्याण पाहण्याचे कोणालाच कारण नव्हते. सैन्याचे पगार थकलेले होते. अनेक कामे वंशपरंपरेने चालत आलेल्या दरकदारांकडे होती. काम येवो वा न येवो, अधिकार घराण्यात राहत असे. ज्या नोकराला वेळेवर पगार मिळत नाही, तो आपला पगार लोकांकडून वसूल करतो, हा जगाचा अनुभव आहे. माधवरावांनी इजारापद्धती मोडीत काढली, खाती वेगवेगळी केली, पगारी अधिकारी नेमले आणि न्यायालयांची रचना केली. राज्याचा ढाचा उभा राहिला. त्यात प्राण भरण्याचे काम तरुण महाराजांची वाट पाहत होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. बडोदे राज्याचे क्षेत्रफळ सुमारे आठ हजार चौरस मैल आणि लोकसंख्या सुमारे बावीस लाख होती. मात्र हा प्रदेश सलग नव्हता. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी मुलूख व इतर संस्थाने पसरलेली होती. प्रत्येक प्रांतावर सुभा, प्रत्येक तालुक्यावर वहिवटदार आणि गावपातळीवर पटेल व तलाठी अशी अधिकाऱ्यांची उतरंड होती. राजधानीतून निघालेला हुकूम अमरेलीच्या एखाद्या खेड्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे काय रूप होत असेल, हा प्रश्न नव्या महाराजांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी दोन मार्ग धरले. पहिला मार्ग प्रवासाचा. ते स्वतः प्रांताप्रांतांतून फिरले, कचेऱ्या पाहिल्या, रयतेची गाऱ्हाणी ऐकली. दुसरा मार्ग कागदांचा. राज्यातील लहानमोठी प्रकरणे ते स्वतः वाचत, त्यांवर शेरे लिहीत आणि निर्णय देत. प्रारंभी या परिश्रमांना मर्यादाच राहिली नाही. सर्व बारीकसारीक बाबी हुजुरांपर्यंत येऊ लागल्या आणि त्याचा ताण महाराजांच्या प्रकृतीवर पडला. निद्रानाशाने ते त्रस्त झाले आणि १८८७ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी त्यांना युरोपचा प्रवास करावा लागला.

येथे प्रशासनातील एक महत्त्वाचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. वरिष्ठ जर प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवू लागला, तर कनिष्ठ निर्णय घेण्याचेच विसरून जातो. तो प्रत्येक कागद वर पाठवतो, कारण तसे करण्यात धोका नसतो. त्यामुळे वरच्या टेबलावर ढीग साचतो आणि खाली माणसे हात जोडून बसतात. सयाजीरावांनी हळूहळू अधिकारांची वाटणी केली. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या बाबी स्वतःच्या जबाबदारीवर निकालात काढाव्यात हे नियमांनी ठरवण्यात आले आणि महत्त्वाच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मंत्रिमंडळाची व्यवस्था करण्यात आली. आपल्या अनुपस्थितीतही राज्य चालले पाहिजे, किंबहुना ते एका माणसावर अवलंबून राहू नये, हा या रचनेचा हेतू होता.

नियम केले तरी ते राबवणारी माणसे हवीत. योग्य माणसांची पारख हा सयाजीरावांचा मोठा गुण होता. जात, प्रांत वा धर्म यांचा विचार न करता त्यांनी हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून कर्तबगार माणसे बडोद्यास आणली. १८९३ मध्ये इंग्लंडहून परतलेले तरुण अरविंद घोष बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना एकदम मोठ्या पदावर बसवण्यात आले नाही. त्यांनी प्रथम जमीनमोजणी खात्यात काम केले, नंतर महसुलाशी संबंधित कचेऱ्यांचा आणि सचिवालयाचा अनुभव घेतला आणि पुढे ते महाविद्यालयात अध्यापक झाले. बुद्धिमान तरुणाने कारभाराची निरनिराळी अंगे प्रत्यक्ष हाताळावीत, ही दृष्टी त्यामागे दिसते. राज्यातील होतकरू तरुणांना परदेशी शिक्षणासाठी पाठवण्याची प्रथाही महाराजांनी पाडली. महाराजांचे सहाध्यायी खासेराव जाधव यांनी इंग्लंडमध्ये शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर सुभा म्हणून प्रांताचा कारभार पाहिला. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने ठरावीक वर्षे राज्याची सेवा करावी, असा करार करून घेण्यात येई. राज्याने माणसावर केलेला खर्च अशा रीतीने राज्याच्या उपयोगी पडावा, अशी त्यामागील योजना होती.

कचेरीच्या भाषेकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही. राजघराणे मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, जुने दप्तर मोडी लिपीत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शिक्षण इंग्रजीत, अशी तेथील स्थिती होती. ज्या भाषेत हुकूम निघतो ती भाषा प्रजेला कळत नसेल, तर मधल्या कारकुनाचे महत्त्व अकारण वाढते आणि त्याच्या मर्जीवर रयतेला अवलंबून राहावे लागते. म्हणून राज्याचे कायदे व ‘आज्ञापत्रिका’ प्रजेच्या भाषेत, म्हणजे गुजरातीत प्रसिद्ध होऊ लागली. पुढे १९३१ मध्ये ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दांना भारतीय भाषांतील पर्याय देणारा हा कोश प्रशासनाच्या परिभाषेच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. स्वतः मराठी असलेल्या राजाने गुजराती प्रजेसाठी गुजरातीला कारभारात मानाचे स्थान द्यावे, ही गोष्ट त्यांच्या निःपक्षपाती वृत्तीची साक्ष देते.

कारभार स्वच्छ करण्याचे काम मात्र सरळ नव्हते. १८८३ पासून एलियट यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. कोणाकडे किती जमीन आहे आणि कोणत्या हक्काने आहे, याची चौकशी होऊ लागताच अनेकांचे जुने हितसंबंध दुखावले गेले. याच खात्यातील बापट या अधिकाऱ्यावर लाच घेतल्याचे आरोप ठेवण्यात आले आणि १८९४ मध्ये त्यांच्यावर चौकशी चालली. महाराज त्या काळात परदेशी होते. बापटांच्या बचावासाठी लोकमान्य टिळक स्वतः बडोद्यास येऊन राहिले, त्यामुळे हे प्रकरण सर्वत्र गाजले. भ्रष्टाचाराचा शोध घेणे आवश्यक असते, परंतु कचेऱ्यांत तट पडले की चौकशीचे हत्यार कोणाच्या हाती आहे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. राज्यकर्ता दूर असला म्हणजे या तटांना कसा ऊत येतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. महाराजांच्या दीर्घ परदेशप्रवासांवर त्यांच्या हयातीतच टीका होत असे, ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही.

प्रशासनाची खरी कसोटी संकटात लागते. १८९९-१९०० मध्ये गुजरातवर भीषण दुष्काळ कोसळला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेला हा दुष्काळ गुजरातमध्ये ‘छप्पनियो’ या नावाने आजही ओळखला जातो. दुष्काळ आणि त्यापाठोपाठ आलेले रोग यांनी हाहाकार माजवला. १८९१ मध्ये बडोदे राज्याची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. महाराजांनी दुष्काळग्रस्त भागांत स्वतः दौरा केला. मदतीची कामे पाहिली, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, उणिवा टिपून ठेवल्या. या दौऱ्यातील त्यांच्या नोंदी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. एवढ्या मोठ्या आपत्तीत केवळ वरून आलेल्या हुकमांवर गाव जगू शकत नाही, गावात स्वतःचा कारभार पाहणारी यंत्रणा हवी, ही जाणीव त्यानंतरच्या काळात त्यांच्या धोरणात ठळकपणे उमटली.

त्या धोरणाला रमेशचंद्र दत्त यांच्या रूपाने समर्थ सहकारी लाभला. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे हे विख्यात अभ्यासक १९०४ मध्ये महसूलमंत्री म्हणून बडोद्यास आले. याच सुमारास न्यायदान आणि अंमलबजावणी यांची फारकत करण्यात आली. तोपर्यंत वहिवटदाराकडे महसूल वसुलीबरोबर फौजदारी न्यायाचे अधिकारही असत. जो सारा वसूल करतो त्याच्याकडेच न्याय मागायला जावे लागले, तर गरिबाने कोणाविरुद्ध तक्रार करावी? नव्या व्यवस्थेत न्यायाचे काम स्वतंत्र न्यायाधीशांकडे गेले. आपल्या हातचा अधिकार कमी होणे कोणत्याही अधिकाऱ्याला सुखाचे वाटत नाही. परंतु राज्याच्या हितासाठी हा बदल करण्याचे धैर्य बडोद्याने दाखवले. इंग्रजी मुलखात हीच मागणी राष्ट्रसभा वर्षानुवर्षे करीत होती.

त्याच काळात ग्रामपंचायतींना नवे जीवन देण्यात आले आणि तालुका व प्रांत पातळीवर लोकल बोर्डे स्थापन झाली. रस्ते, विहिरी, तलाव, धर्मशाळा यांसारखी कामे त्यांच्याकडे सोपवण्यात आली आणि त्यासाठी पैशाची तरतूद करण्यात आली. या संस्थांत लोकांनी निवडलेले सभासद आणि सरकारी अधिकारी एकत्र बसू लागले. पूर्वी ज्या रयतेला वहिवटदारासमोर उभे राहावे लागे, तिचा प्रतिनिधी आता त्याच्याशेजारी बसून प्रश्न विचारू शकत होता. या संस्थांचे अधिकार मर्यादित होते आणि अनेक बाबतींत सरकारी अधिकाऱ्यांचाच वरचष्मा राहिला, हेही खरे आहे. तरीही कारभार हा लोकांच्या डोळ्यांसमोर चालला पाहिजे, हा विचार त्यातून रुजला. १९०८ मध्ये राज्याची धारासभाही अस्तित्वात आली.

सयाजीरावांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण. या बाबतीत त्यांनी दाखवलेली सावधगिरी अभ्यासण्यासारखी आहे. संपूर्ण राज्यासाठी एकदम हुकूम काढण्याऐवजी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील निवडक गावांत हा प्रयोग करण्यात आला. शाळेसाठी जागा हवी होती, शिक्षक हवे होते, मुलांच्या याद्या हव्या होत्या आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड करणारी यंत्रणा हवी होती. शेतीच्या हंगामात मुलांचे हात घरी लागतात, अशा वेळी गरीब पालकाकडून दंड वसूल करणे हे कठोर काम गावपातळीवरच्या लोकांनाच करावे लागणार होते. अमरेलीच्या अनुभवातून अडचणी समजल्या, व्यवस्था सुधारली आणि मग १९०६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सर्व राज्याला लागू झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक मंजूर झाले नाही. त्यामुळे एका देशी संस्थानाने जे करून दाखवले, ते बलाढ्य इंग्रज सरकारने केले नाही, हे जगासमोर आले.

परंतु सुधारणेच्या मार्गातील सर्वांत कठीण अडथळा पैशाचा वा नियमांचा नव्हता. तो माणसांच्या मनातला होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी महाराजांनी १८८३ च्या सुमारास शाळा सुरू केल्या. इमारती झाल्या, पुस्तके आली, शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या. मात्र तेथे शिकवण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. राजाचा हुकूम आणि पगार या दोन्हींपेक्षा जातीचा धाक मोठा ठरला. अखेर मुसलमान शिक्षकांच्या साह्याने या शाळा चालवाव्या लागल्या. १९०८ मध्ये महाराजांनी आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना बडोद्यास बोलावले आणि या शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. आत्मारामांनी हे काम निष्ठेने केले आणि शाळांना चांगले रूप आले. येथे महाराजांनी नवा नियम केला नाही, तर त्या कामावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस शोधला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे १९१७ मध्ये घडलेल्या प्रसंगाने या अडथळ्याची खोली अधिक तीव्रतेने प्रकट झाली. महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर हा बुद्धिमान तरुण १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी गेला होता. करारानुसार त्याने दहा वर्षे बडोदे राज्याची सेवा करायची होती. जागतिक कीर्तीच्या विद्यापीठातील शिक्षण घेऊन डॉ. आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास शहरात जागा मिळाली नाही. नाव आणि जात लपवून त्यांना एका पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. कचेरीत त्यांच्या हाताखालचे शिपाई स्पर्श टाळण्यासाठी कागदपत्रे त्यांच्याकडे दुरून फेकत. पिण्याच्या पाण्याचीही तेथे सोय नव्हती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना धर्मशाळेतून हुसकावून लावले. त्यांनी महाराजांकडे दाद मागितली असता दिवाणांना भेटण्यास सांगण्यात आले, पण दिवाणांकडून कोणतीही सोय झाली नाही. त्या दिवशी शहरातील कामाठी बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

हा प्रसंग सयाजीरावांच्या कारकिर्दीतील एक क्लेशकारक पान आहे. ज्या राजाने या तरुणातील गुण ओळखले, त्याच्या शिक्षणासाठी खर्च केला आणि त्याला अधिकारपद दिले, त्याच राजाच्या कचेरीतील शिपायाने त्या पदाचा मान राखला नाही. महाराजांची इच्छा शुद्ध होती, परंतु ती इच्छा राजवाड्यापासून कचेरीच्या दारापर्यंत पोहोचताना नाहीशी झाली. नेमणुकीचा हुकूम काढताना त्या माणसाच्या निवासाची, सन्मानाची आणि संरक्षणाची व्यवस्था करणे हेही राज्याचेच काम होते. ते झाले नाही. नोकरवर्गाला नियम शिकवता येतात, हिशेब शिकवता येतो, वेळेचे बंधन घालता येते. पण त्याच्या मनातील पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वग्रह हुकमाने जात नाहीत. त्यासाठी शिक्षण, कायद्याचा कठोर अंमल आणि वरिष्ठांचा प्रत्यक्ष पाठिंबा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. डॉ. आंबेडकरांनी पुढे ज्या राज्यघटनेच्या निर्मितीत अग्रणी भूमिका बजावली, तिने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर करून तिचे आचरण हा गुन्हा ठरवला. बडोद्याच्या कचेरीत त्या तरुणाला जे संरक्षण मिळाले नाही, ते पुढील पिढ्यांना कायद्याने मिळाले.

सयाजीरावांचे कार्य मात्र थांबले नाही. शाळेत शिकलेले मूल वाचायला काही नसेल तर अक्षरे विसरते, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालये उभारण्याची योजना आखली. खर्चाचा एक हिस्सा गावकऱ्यांनी, एक लोकल बोर्डाने आणि एक सरकारने द्यायचा, अशी वाटणी ठरली. गावाने स्वतः पैसा घातल्यामुळे ग्रंथालय सरकारचे न राहता गावाचे झाले. सरकारी नोकराच्या बळावर जे टिकत नाही ते लोकांच्या सहभागामुळे टिकते, हा धडा या योजनेतून मिळाला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली, कलाभवनातून तांत्रिक शिक्षण मिळू लागले, विवाह व सामाजिक सुधारणांविषयी अनेक कायदे झाले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीरावांचे निधन झाले. १८७५ पासून मोजले तर त्यांची कारकीर्द जवळजवळ ६४ वर्षांची होते. त्यांच्यानंतर नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. स्वातंत्र्यानंतर १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. संस्थान इतिहासजमा झाले, परंतु त्याने घालून दिलेले पायंडे उरले.

राजाच्या हाती सर्व सत्ता असतानाही तिच्यावर नियमांचे बंधन असावे, असे सयाजीरावांना वाटे. एकेका अधिकाऱ्याची निवड, त्याचे शिक्षण, त्याच्या अधिकारांची मर्यादा आणि त्याच्यावर लोकांची नजर, या चार खांबांवर त्यांनी आपल्या कारभाराची इमारत उभारली. ती निर्दोष नव्हती. तिच्या भिंतींत समाजाच्या जुन्या दोषांची ओल मुरलेली होती आणि ती अधूनमधून वर येत असे. पण कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने चावडीवर उभ्या असलेल्या रयतेचा विसर कधी पडू दिला नाही. आज एखाद्या पंचायत कचेरीत वा तहसीलदाराच्या कार्यालयात नागरिक हक्काने आपला अर्ज पुढे करतो आणि समोरचा कर्मचारी त्याची जात न विचारता तो स्वीकारतो, तेव्हा त्या साध्या कृतीमागे अनेकांचे दीर्घ परिश्रम उभे असतात. त्या परिश्रमांत बडोद्याच्या या प्रजाहितदक्ष राजाचा वाटा मोठा आहे.